मुंबई समुद्राचं पाणी पिणार असेल तर शहापूरचा वाटा कागदावर लिहा

मा. मुख्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट होणार, आधी रोज 20 कोटी लिटर आणि पुढे दुप्पट, त्याला माझा विरोध नाही, उलट लवकर होऊ दे. चेन्नई 2010 पासून मिंजूरच्या प्लांटचं पाणी पितेय आणि 2019 मध्ये तिथले तलाव आटले तेव्हा असंच पाणी कामी आलं. पण मी लिहितोय ते शहापूरसाठी.

भातसा धरण आमच्या तालुक्यात, तानसा धरण आमच्या तालुक्यात, मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं, आणि एप्रिल आला की इथल्याच पाड्यांना टँकर लागतो, बायका विहिरीच्या तळाशी पाणी झिरपायची वाट बघत बसतात, पेपरात फोटो येतो, मग पाऊस पडतो आणि विषय संपतो. दरवर्षी हेच.

समुद्राचं पाणी डोंगरावरच्या पाड्यापर्यंत कोणी आणणार नाही, कळतं मला. पण अदलाबदल तर होऊ शकते ना? मुंबईला मनोरीतून जेवढं मिळेल त्यातल्या थोड्याच्या बदल्यात धरणातलं पाणी आमच्यासाठी राखा. तालुक्याची वस्ती 2011 च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर होती, आज साडेतीन धरा, केंद्राच्या जलजीवन योजनेच्या माणशी 55 लिटरने रोजचे दोन कोटी लिटरसुद्धा होत नाहीत. म्हणजे मनोरीच्या पहिल्या टप्प्याचा दहावा हिस्सा, बस्स.

खर्चाचं म्हणाल तर समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते, आणि धरणातलं तेवढंच पाणी शंभर मीटर वर चढवायला अर्ध्या युनिटच्या आत भागतं, त्यामुळे पाडे उंचावर आहेत, पंपिंग परवडत नाही हे उत्तर आता नका देऊ साहेब. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची योजना पण पूर्ण कराच, ती ऐकून ऐकून लोक थकलेत.

मनोरीच्या कोळी बांधवांचंही ऐका, गोडं पाणी काढून उरलेलं जवळपास दुप्पट खारट पाणी किनाऱ्यापासून किती आत सोडणार आणि त्याचं मोजमाप लोकांना बघायला मिळणार का, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. आणि हे पाणी आल्यावर मुंबईसाठी ठरलेलं गारगाई धरण खरंच लागतं का ते परत तपासा, तानसा अभयारण्यातलं जंगल आणि आदिवासी गावं जाणार आहेत त्यात.

जलसंपदा, पाणीपुरवठा, महापालिका अशी तीन दारं आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवतो, म्हणून थेट तुम्हाला लिहिलं. कोणत्या पाड्याला किती लिटर आणि कोणत्या महिन्यापासून, एवढा एक जीआर काढा आणि मनोरीचा प्लांट चालू व्हायच्या आत आमचे पाइप टाकून घ्या.

आपला,
शहापूर तालुक्यातला एक मतदार