उलुरूच्या रेंजरताईंना, आईच्या वतीने

रेंजरताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे. पण आई म्हणाली, "आभार माझे आहेत, माझ्या भाषेत लिही." म्हणून हे मराठीत.

ऑस्ट्रेलियातल्या या अजस्र लाल खडकाच्या, उलुरूच्या, पायथ्याने पूर्ण फेरी १०.६ किलोमीटरची. कराडहून आलेल्या माझ्या सदुसष्ट वर्षांच्या आईच्या लेखी ती प्रदक्षिणा, म्हणजे अर्ध्यावर सोडायचा प्रश्नच नाही. "सपाट वाट आहे, काही नाही," असं सांगून आमचा टूर गाइड मोकळा झाला होता. पूर्वी ३४८ मीटर वर माथ्यापर्यंत चढता यायचं, २०१९ पासून बंद केलंय, ही हळहळ मात्र त्याने बसमध्ये तीनदा ऐकवली. आईला सांगितलं तर म्हणाली, "कळसावर पायताण घालून कोण चढतं?"

निम्म्या वाटेवर आईच्या उजव्या बुटाचा सोल सुटला. पाऊल टाकलं की फटक, फटक. गाइड मागे आला, घड्याळात बघितलं, बस कधी सुटणार ते सांगितलं आणि गेला. माशा तोंडावर, ऊन डोक्यावर, आणि चेहऱ्यावर जाळी घेतलेली आई लाल धुळीत बसलेली. तेवढ्यात तुम्ही आलात. पाणी दिलंत, सॅकमधली टेप काढून गुडघ्यावर बसून बूट बांधलात.

पण आभार टेपेचे नाहीत.

घाम पुसायला आईने रुमालाची गाठ सोडली आणि त्यातून सुपारीएवढा दगड घरंगळला. वरून गंजाचा लाल, फुटलेल्या बाजूला राखाडी. देवाहून अंगारा आणावा तसा तिने तो कराडच्या देवघरासाठी उचलला होता. इथला दगड न्यायला बंदी आहे हे मला माहीत होतं, तिला सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. मला वाटलं, आता दंड, नाही तर निदान चार शब्द तरी.

तुम्ही एवढंच म्हणालात की जगभरातून लोक असे दगड पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी लिहून. मी आईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तुम्ही दगड मागितला नाहीत, हातही पुढे केला नाहीत. उठलात, आमच्याकडे पाठ केलीत आणि उगाचच दूरच्या झुडपाकडे बघत राहिलात. आईने दगड उचलला, होता तिथे नेऊन ठेवला, हात जोडले. तिचे हात खाली येईपर्यंत तुम्ही वळला नाहीत.

आमच्याकडे देवळात आईला "ओ मावशी, चला पुढं" असा खांद्याला धक्का मिळतो, तोही चूक नसताना. इथे चूक असून कुणी तिची लाज राखली. अशी माणसं आमच्याकडे नाहीत असं नाही, पण ती बहुधा रांगेच्या तोंडाशी नेमलेली नसतात. ही जागा १९८५ मध्ये तिच्या मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत मिळाली आणि त्यांनी ती लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्यानासाठी दिली, हे मी रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या बाईला तिथं राहून राहूनच ते वळण लागलं असेल."

पुढे पार्किंगपर्यंत तुम्ही आईच्या मागून चाललात, तिच्याच चालीने. बस अर्थातच गेली होती. तुम्ही आम्हाला मुक्कामी सोडलंत, आणि गाइडबद्दल मी काय काय बोललो तेही ऐकून घेतलंत.

बूट कराडला आहेत, टेपेसकट. बाबा दोनदा टाकून द्यायला निघाले होते. आणि आई फोनवर अजून विचारते, "तो दगड तिथंच असेल ना रे?" मी म्हणतो, असेल.