थंडीचा अंदाज आठवड्यागणिक छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उगावला माझी तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. नोव्हेंबर सरता सरता हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतो आणि दुसऱ्या दिवशी तो तुमच्या पहिल्या पानावर असतो. एका वर्षी मथळा होता, ‘यंदा थंडी कमीच’. तो वाचून माझ्या थोरल्या जावेने थंडीपासून जपायला घडांना कागद लावायचा बेत सोडला. जानेवारीत सलग चार दिवस पहाटे पारा सात-आठ अंशांवर आणि दुपारी कडक ऊन. तिच्या बागेत नुकतंच मण्यात पाणी उतरत होतं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागली होती. आठवड्याभरात मणी गुलाबी पडले, आणि निर्यातीसाठी राखलेला माल लोकल भावाने द्यावा लागला.

अंदाज चुकला नव्हता. किमान तापमान तीन महिन्यांच्या सरासरीत जास्त राहण्याची शक्यता अधिक, एवढंच त्यात म्हटलं होतं. अशा उबदार हिवाळ्यातही चार गारठ्याच्या रात्री येतात आणि बाग त्या चार रात्रींतच जाते. मथळ्यातून ‘शक्यता’ही गळाली आणि ‘सरासरी’ही.

आमच्या कामाचा अंदाज याच विभागाकडे आहे. दर गुरुवारी तो पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतो. कुठल्या आठवड्यात किमान तापमान सरासरीच्या वर राहील, कुठल्या आठवड्यात खाली, हे त्यात असतं. कागद लावायला पेठ-सुरगाण्याकडची टोळी लागते आणि तिला आठ-दहा दिवस आधी सांगावं लागतं. पाच दिवसांच्या अंदाजावर धावपळ करावी, तर ती तोवर दिंडोरीकडे दुसऱ्याच्या बागेत गेलेली असते. पहाटे ठिबक सोडायला, शेकोट्या पेटवायला दोन दिवसांची सूचना पुरते. कागदाला पुरत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा भरवसा कमी असतो, तर तसंही स्पष्ट छापा. आम्हाला ते समजतं.

आणखी एक. चौकटीत निफाडचं किमान तापमान रोज येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं. त्याशेजारी कमाल तापमानही द्या. मणी गुलाबी पडतात ते रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन यांत फार अंतर पडलं की. नुसत्या रात्रीच्या आकड्यावरून ते कसं कळावं?

२६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने तालुक्यातल्या बागा झोडपल्या, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर अंदाज सांगणारे गावोगावी झालेत. तरी मजुरांवर पैसे घालायची वेळ आली की इथली माणसं छापील बातमीच शोधतात, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. शुक्रवारच्या अंकात अर्धा कॉलम दिलात तरी चालेल. पेपर आमच्याकडे सातला येतो, आणि टोळीचा मुकादम आठपर्यंत घरी सापडतो.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
उगाव, ता. निफाड, जि. नाशिक