तजिंदर सिंगचं नाव कुठे गेलं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्यावर तुम्ही अर्धं पान दिलंत. विषय घेतल्याबद्दल मनापासून आभार. पण ‘आशाताईंच्या गाण्यावर ब्रिटन थिरकले’ असा मथळा, एका बाजूला आशाताईंचा फोटो, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश डीजे नॉर्मन कुकचा, आणि ज्याने ते गाणं लिहिलं, चाल बांधली, स्वतःच्या गळ्याने गायलं त्या तजिंदर सिंगचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही. ‘कॉर्नरशॉप नावाच्या बँडच्या एका जुन्या गाण्याला कुक यांनी जीवदान दिले’ एवढ्या वाक्यात त्याची, म्हणजे त्याच बँडच्या गायकाची, बोळवण झाली आहे. हे वाचून मला फार राग आला.

आशाताई त्या गाण्यात गायलेल्या नाहीत. गाणं त्यांच्यावर आहे, आणि ते वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या एका पंजाबी घरातल्या मुलाने केलेलं आहे. त्यात लताबाईंचं नाव आहे, रफींचं आहे, ऑल इंडिया रेडिओ आहे, रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन आहे, ४५ आरपीएमची छोटी तबकडी तर ध्रुवपदासारखी पुन्हा पुन्हा येते. सरकार बांधत असलेल्या धरणांचाही उल्लेख येतो. नर्मदेच्या आंदोलनाच्या बातम्या वाचलेल्या माणसाचे तिथे कान टवकारतात. असं गाणं ‘कुठल्यातरी बँडचं’ नसतं. एका विशिष्ट घरातल्या, विशिष्ट रेडिओसमोर बसलेल्या माणसालाच ते सुचतं.

‘जुने’ हा शब्दही तुमच्या लेखकाने कुठून आणला? मूळ गाणं ऑगस्ट १९९७ मध्ये आलं आणि ब्रिटनमधल्या खपाच्या गाण्यांच्या यादीत ६० व्या क्रमांकापर्यंत गेलं. कुकचं रीमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं आणि आठवडाभर पहिल्या क्रमांकावर राहिलं. मधलं अंतर सहा महिन्यांचं. आणि त्या सहा महिन्यांत गाणं मेलेलं नव्हतं. बीबीसी रेडिओ वनवर निवेदक जॉन पील वर्षअखेरीस श्रोत्यांच्या कौलाने निवडलेली गाणी लावायचे. १९९७ च्या त्या यादीत पहिलं आलं ते हेच गाणं, रीमिक्स दुकानात येण्याच्या आधी. म्हणजे कान देऊन ऐकणाऱ्यांनी ते आधीच निवडलं होतं, तेव्हा जीवदानाची भाषा करू नये.

कुकचं श्रेय मी नाकारत नाही. त्याने वेग वाढवला, वेगाबरोबर सूर चढला, सिंगचा संथ, थोडा पेंगुळलेला आवाज एकदम हसरा झाला, खाली दणदणीत ड्रम आले आणि क्लबात माणसं नाचायला लागली. त्या काळी यादी ठरायची दुकानात विकल्या जाणाऱ्या सीडी, कॅसेट आणि तबकड्यांवर. नाचणारं गिऱ्हाईक मिळालं की आकडा फिरायचा. सेलिन डिऑनच्या टायटॅनिकवाल्या गाण्याला खाली उतरवणं हे सोपं काम नव्हतं. पण शब्द तेच होते, चाल तीच होती, गळा तोच होता.

मला हे एवढं का लागलं ते सांगते. माझे मोठे दादा पालखीची आणि हळदीची गाणी लिहायचे. आमच्या उरणच्या बाजूला बेंजो पार्टीवाले त्यांच्याकडून गाणी मागून न्यायचे. त्यांतलं एक गाणं कॅसेटवर आलं, मुंबईतल्या एका कंपनीने काढलं, दादांना मानधन म्हणून थोडे पैसे आणि काही कॅसेटी मिळाल्या. पुढे कुण्या डीजेने त्याच्यावर ठोके चढवले. आज आमच्याकडे त्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. गावोगावच्या पोरांना त्या डीजेचं नाव पाठ आहे. माझ्या पुतणीच्याच हळदीत एक पाहुणा दादांच्या फोटोखाली उभा राहून वहिनींना विचारत होता, ‘काकू, हे त्या डीजेचं गाणं तुम्हाला पण आवडतं का?’ वहिनी काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. मी मात्र त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याला बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं, कारण कुठे लिहिलेलंच नाही. एका वर्तमानपत्राने त्या गाण्यावर बातमी केली होती, तिच्यातही डीजेचीच मुलाखत होती. दादा तेव्हा हयात होते. आमच्या घरी कुणी आलं नाही.

तजिंदर सिंगने गाणं केलं ते पार्श्वगायकांवर. पडद्यावर ओठ हलवणारी दुसरीच, खरा गळा मागे, आणि त्या मागच्या गळ्याला त्याने नाव घेऊन पुढे आणलं. त्याच गाण्यावर लिहिताना त्याचंच नाव गाळायचं, हे मला सहन झालं नाही.

आणखी एक. ‘ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेला पहिला भारतीय वंशाचा सूर’ असंही छापलंत. तेही चूक. वर्षभर आधी, जानेवारी १९९७ मध्ये, राउरकेलात जन्मलेल्या ज्योती मिश्रा यांचं ‘युअर वुमन’ पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ‘व्हाइट टाउन’ या नावाने ते एकटेच गाणी करतात आणि हे गाणं त्यांनी डर्बीत, घरातच ध्वनिमुद्रित केलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९७५ मध्ये, क्वीन या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नऊ आठवडे अव्वल होतं. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पारशी आई-बापांचा मुलगा, आणि शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. साताऱ्यात तुमची आवृत्ती निघते. तिथल्या बातमीदाराला एक फोन केला असता तरी ही चूक टळली असती.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती छापा: गीत, संगीत आणि गायन तजिंदर सिंग, रीमिक्स नॉर्मन कुक. आतल्या पानात कोपऱ्यातली दोन ओळींची चौकट नको. आणि यापुढे तुमच्या पुरवणीत कुठल्याही गाण्यावर लेख येईल, मग ते लंडनचं असो की आमच्या करंजा गावचं, तेव्हा ते लिहिणाऱ्याचं नाव पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

आपली नियमित वाचक,
उरण, जि. रायगड