दुर्बीण घालणाऱ्यांनी घड्याळही बघावं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला तपासण्यांच्या भीतीवरचा लेख वाचला. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, मन शांत ठेवा, छानच. म्हणजे जे काही करायचं ते पेशंटनेच. समोरच्यांनी काय करायचं ते पाऊण पानात कुठेच सापडलं नाही, मी दोनदा चष्मा पुसून बघितलं.

लघवीतून रक्त जातंय म्हणून गेल्या वर्षी मला सिस्टोस्कोपी सांगितली, म्हणजे लघवीच्या वाटेने मूत्राशयात दुर्बीण. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, मोठं आहे, खाली कॉफी शॉप आहे एवढं पुरे. दुखेल का विचारलं तर "काही नाही हो काका, मुंगी चावल्यासारखं." कुठल्या देशातली मुंगी ते नाही सांगितलं. लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, जेली आत सोडली आणि ट्यूब खाली ठेवतायत तोच दुर्बीण हजर, तीही कडक, स्टीलची! माझा भाचा भूलतज्ज्ञ आहे, त्याचं म्हणणं ती जेली चढायला पाच-दहा मिनिटं तरी द्यावी लागतात. लिग्नोकेन काही काल-परवा निघालेलं औषध नाही, 1948 पासून बाजारात आहे, एवढ्या वर्षांत घड्याळ बघायला शिकायला काय हरकत होती? मी ओरडलो तर "पाय सैल सोडा काका, तुम्हीच आवळून धरताय." पाय पट्ट्यांनी बांधलेले, सैल कुठे सोडू? आणि त्याच वेळी दार उघडून एक मुलगी कुणाची तरी फाईल मागायला आत आली, तिच्यामागे वेटिंगमधली माणसं मला स्पष्ट दिसत होती, म्हणजे त्यांनाही मी दिसत असणारच.

भाच्याकडून कळलं ते असं की लवचिक दुर्बीण असेल तर पुरुष पेशंटला स्क्रीन बघू दिली की दुखणं कमी जाणवतं, आणि दुर्बीण आतल्या स्नायूच्या झडपेपाशी आली की सलाईनची पिशवी हाताने दाबायची, पाण्याच्या दाबाने वाट मोकळी होते आणि कळ कमी लागते, परदेशात यावर रीतसर अभ्यास झालेत. आता पिशवी दाबायला किती खर्च येतो हो? आमच्याकडे स्क्रीन माझ्याकडे पाठ करून, आणि पिशवीजवळचा मुलगा पार्किंगवरून कुणाशी तरी वाद घालण्यात गुंतलेला.

बहिणीचं तर विचारूच नका. तिची गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी कसलीही भूल न देता केली, आणि कळवळली तर वर ऐकवलं, दोन बाळंतपणं झालीत ना मग हे काय एवढं!

नोबेल मिळालेले ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, त्यांचा कोलोनोस्कोपीवरचा, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून करतात त्या तपासणीवरचा, अभ्यास 1996 साली छापून आलाय. पेशंटच्या आठवणीत तपासणी किती वेळ चालली ते फारसं उरत नाही, सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवट कसा झाला तेवढंच राहतं. माझा शेवट म्हणजे "झालं, उठा, पुढचे आत घ्या." डॉक्टरांनी पुन्हा ये म्हणून सांगितलंय, मी अजून गेलेलो नाही, घरी रोज बोलणी खातोय. आता याला पेशंटची भीती म्हणायचं का, ते लेखकमहाशयांनी सांगावं. आणि तपासणीआधीचा संमतीच्या सहीचा कागद अख्खा इंग्रजीत होता, तोही गाऊन घातल्यावर हातात दिला, चष्मा बाहेर बायकोकडे.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर तो डॉक्टर लोकांना उद्देशून लिहायला सांगा ही विनंती. आणि त्याच पानावर साठीच्या पुढच्यांना फुल बॉडी चेकअपवर सवलत म्हणून अर्धं पान जाहिरात होती, त्या जागेत शब्दकोडं छापत होतात तुम्ही पूर्वी, ते का बंद केलंत?

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे