ताई, आमच्या सोसायटीच्या नेटवर्कबद्दल मनापासून आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पतसोसायटीच्या वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार झाला, आभाराचा ठरावही झाला. पण ठरावात ‘संगणक यंत्रणा सुधारून दिल्याबद्दल’ एवढंच आलं. तुम्ही नेमकं काय केलंत हे खानापूर, नंदगड, निपाणीकडच्या छोट्या सोसायट्या, दूध डेअऱ्या, शाळांची कार्यालयं यांनाही कळायला हवं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही आलात तेव्हा इंटरनेटवाल्यांनी भिंतीवर ठोकलेला एकच डबा होता आणि सगळं त्याच्यावरच चालायचं. काउंटरचे कॉम्प्युटर, सर्व्हर, पासबुक प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, संचालकांचे मोबाईल, शिवाय पासवर्ड ठाऊक असलेले काही खातेदार. संचालकांना घरबसल्या कॅमेरे दिसावेत म्हणून पूर्वी कॅमेरे बसवणाऱ्याने त्या डब्यात बाहेरून आत यायची वाट उघडून ठेवली होती आणि डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. हे तुम्ही पहिल्या अर्ध्या तासात शोधलंत. कुणालाही दोष न देता चेअरमनना खुर्चीवर बसवून दाखवलंत, की या वाटेने शिरलेला माणूस कॅमेऱ्यापाशी थांबणार नाही, तिथून ठेवींच्या सर्व्हरपर्यंत सरळ पोहोचेल.

आम्हाला वाटलं, आता यंत्रांची यादी आणि कोटेशन येणार. तुम्ही मागितला एक मोठा कागद. डाव्या बाजूला सगळी यंत्रं, वरच्या ओळीत पुन्हा तीच, आणि प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: याला त्याच्याशी बोलायची गरज आहे का? काउंटरला सर्व्हर हवाच. पासबुक प्रिंटरला इंटरनेट कशाला? कॅमेऱ्याला काउंटरशी काय काम? रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटची मशीनं संध्याकाळी हिशेब उतरवतात, त्यांना सर्व्हरवरची ती एक सेवा पुरे. बाहेरून आलेल्याच्या मोबाईलला फक्त इंटरनेट. दुपारभर आम्ही हुज्जत घालत होतो आणि तुम्ही शांतपणे फुल्या मारत होता. माझ्या मते खरं काम त्या दुपारीच झालं. नंतरची यंत्रं त्या फुल्यांबरहुकूम बसली.

सगळ्या तारा जिथे जोडतात तो स्विच एकच घेतलात, पण मॅनेज्ड, म्हणजे आपल्याला हवे तसे नियम घालता येणारा. त्यात व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्कं, करून चार कप्पे पाडलेत: 10 काउंटर, 20 सर्व्हर, 30 कॅमेरे, 40 पाहुणे. पत्तेही तसेच, 192.168.10, 192.168.20 असे, म्हणजे पत्ता पाहताच यंत्र कुठल्या कप्प्यातलं ते कळावं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर फायरवॉल नावाच्या पहारेकरी यंत्रामधूनच, आणि तिथे आधी सगळं बंद, मग कागदावर बरोबरची खूण होती तेवढंच उघडं. आमचा ऑपरेटर विचारत होता, “बंद म्हणजे सगळंच बंद की ओ ताई?” तुम्ही त्यालाच कीबोर्ड दिलात आणि काउंटरवरून कॅमेऱ्याचा पत्ता उघडून बघायला लावलंत. उघडला नाही. मग सर्व्हर उघडला. हे दोन्ही बघितल्यावर त्याला पुन्हा समजवावं लागलं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. दुरुस्तीसाठी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचा, 3389 नंबरचा दरवाजा (पोर्ट) इंटरनेटवर खुला ठेवा, म्हणत होते. तुम्ही आवाज न चढवता नकार दिलात आणि त्यांना व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरून आत यायच्या कुलूपबंद वाटेची, स्वतंत्र किल्ली दिलीत, तीही काम निघेल तेव्हाच चालू होणारी. संचालकांचे कॅमेरेही आता वायरगार्ड या व्हीपीएनमधूनच दिसतात. चेअरमननी विचारलं, एवढं कशाला? तेव्हा तुम्ही मे 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसची गोष्ट सांगितलीत. त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घातलं नाही त्यांच्याकडे तो फाईल शेअरिंगच्या 445 पोर्टमधून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. कप्पे असतील तर एक यंत्र बिघडलं तरी सगळ्या ऑफिसभर लागण होत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

आमची इमारत जुनी, कौलारू, भिंती हात-हात जाडीच्या जांभ्या दगडाच्या. पुढच्या खोलीतलं वायफाय मागच्या खोलीत मरून जायचं. तुम्ही मागे वायफाय देणारा वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट दिलात, तोही तारेने जोडून. माळ्यावर उंदीर आहेत हे बघून नेटवर्कच्या कॅट सिक्स तारा कडक पाइपातून घेतल्यात आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवल्यात. इकडचा वळीव म्हणजे कडकडाट. तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनवर आम्ही मोडेम जळताना पाहिलेत. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या बाजूने येतेच, म्हणून कॅबिनेटला यूपीएस आणि नीट अर्थिंग हवं, हा तुमचा आग्रह होता. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं काम मावशींनी आपणहून अंगावर घेतलंय.

कायद्याचं तर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सायबर सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था सर्ट-इन, तिच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायची आणि लॉग, म्हणजे यंत्रांच्या कामाच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे. फायरवॉल आता ते लॉग ठेवतो, सगळ्या यंत्रांचं घड्याळ एकच वेळ दाखवतं, आणि पैशांची फसवणूक झाली तर लावायचा 1930 हा नंबर प्रत्येक काउंटरवर चिकटवलाय. फायरवॉलचा मुख्य पासवर्ड तिजोरीच्या किल्ल्यांसारखाच ठेवलाय: अर्धा मॅनेजरकडे, अर्धा कॅशियरकडे, दोन्ही सीलबंद पाकिटांत.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती तुमची वही. कुठली तार कुठल्या पोर्टला, प्रत्येक नियम कशासाठी, बॅकअप परत कसा घालून बघायचा, सगळं मराठीत आणि शेजारी कन्नडमध्ये, कारण दुरुस्तीला येणारा मुलगा कन्नड वाचतो. एरवी काम करणारा माणूस माहिती आपल्याजवळ ठेवतो आणि ऑफिसला त्याच्या फोनची वाट बघत बसावं लागतं. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. यंदा ऐन पावसात स्विचचा एक पोर्ट, म्हणजे तार घालायची जागा, गेला. ऑपरेटरने वही काढली, तार शेजारच्या मोकळ्या पोर्टला घातली, त्या पोर्टचा व्हीलॅन 10 केला, आणि काउंटरवरची रांग हलायच्या आत पासबुकं छापायला लागली. तुम्हाला फोनसुद्धा करावा लागला नाही. ताई, तुमच्या शिकवण्याचं चीज झालं, हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटत होतं.

आता नंदगडची शाखा या ऑफिसला जोडायची आहे. यंत्रं अजून घेतलेली नाहीत. चौकटींचा कागद मात्र आम्हीच बसून भरलाय. गणपतीला गावी याल तेव्हा एकदा नजर घाला, फुल्या कुठे चुकल्या असतील तर सांगा.

आपला नम्र,
सचिव, सर्व कर्मचारी आणि संचालकांच्या वतीने
खानापूर, जि. बेळगाव