फोटोतले दोन पतंग एकाच जातीचे आहेत, टसरचे

संपादक महोदय, नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत रेशमावरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता, आमच्या भागाबद्दल कोणी लिहितं याचंच आधी बरं वाटलं. पण त्यातल्या फोटोखालची ओळ वाचून मात्र राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. फोटोत एक विटकरी रंगाचा पतंग आणि शेजारी एक मोठा पिवळा पतंग, आणि खाली छापलंय की डावीकडे टसर, म्हणजे आपल्या जंगलातला रेशमाचा किडा, आणि उजवीकडे आसामचा मुगा. तसं नाहीये. तो विटकरी रंगाचा टसरचा नर आहे आणि पिवळी ती त्याचीच मादी. नराच्या डोक्यावरच्या मिशा रुंद पिसासारख्या असतात, मादीच्या बारीक असतात आणि तिचं पोट जाड असतं, फोटो मोठा करून बघा लगेच दिसेल. मुगा वेगळी जात आहे, तो आसामचा आणि ईशान्येकडचा, आमच्या जंगलात तो येणारच कुठून?

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्या घरी पूर्वी कोसा, म्हणजे टसरचं रेशीम, विणायचे, माझ्या आजोबांचा माग होता, आता नाही. शेजारच्या ढिवर मोहल्ल्यातली माणसं पावसाळा लागला की जंगलात येनाच्या (ऐनाच्या) झाडांवर अळ्या सोडायला जायची आणि पाखरांपासून राखण करत तिथंच झोपडीत राहायची. लहानपणी त्यांच्या घरी कोशांच्या माळा टांगलेल्या असायच्या. उन्हाळाभर आतला किडा झोपलेला असतो आणि पावसाची हवा लागली की संध्याकाळनंतर एकेक पतंग बाहेर यायला लागतो. एकाच माळेतून लाल, तपकिरी, पिवळा, राखाडी असे सगळे निघायचे. आम्हा पोरांना ते वेगवेगळे वाटायचे, तेव्हा तिथली एक म्हातारी म्हणायची, "अरे एकाच मायची लेकरं हायेत, एक गोरं एक सावळं असत नाही का." एवढी साधी गोष्ट आहे पण छापील कागदावर चुकली की पुढं दहा ठिकाणी तशीच जाते, आजकाल तर लोक फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवतात.

आता खरं सांगायचं तर या पतंगाच्या नावाचा गोंधळ फार जुना आहे, त्यामुळे लेख लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. १७५८ साली लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानं फॅलीना पाफिया असं नाव दिलं, मग १७७३ मध्ये ड्रुरी या इंग्रज कीटकसंग्राहकानं मायलिट्टा म्हणून नाव दिलं. १८०४ मध्ये रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञानं बंगालच्या टसरच्या किड्यावर लिहिलं तेव्हा त्यानं पाफियाच वापरलं. आणि आजही तुम्ही बघा, रेशीम खात्याच्या, रांचीच्या टसर संशोधन संस्थेच्या कागदांत अँथेरिया मायलिट्टा दिसेल आणि पतंगांच्या काही याद्यांमध्ये त्याच पतंगाला अँथेरिया पाफिया म्हटलेलं असतं. म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं हे दोन वेगळे प्राणी आहेत, एक जंगलातला आणि एक रेशमाचा. असं का झालं, तर हा पतंग दिसायलाच एकसारखा नसतो. नर मादीचा रंग वेगळा, त्यात परत मादी कधी पिवळी कधी राखाडी, अळ्या बहुतेक हिरव्या पण मधेच एखादी पिवळी निघते, निळसर पण निघते. कोश कुठे मोठा आणि टणक, कुठे लहान, कुठे पिवळसर कुठे राखाडी. जुन्या काळी परदेशात बसून चार सुकलेल्या नमुन्यांवरून नाव द्यायचं म्हटल्यावर घोळ होणारच ना. एक गोष्ट मात्र बदलत नाही, चारही पंखांवर एकेक डोळा आणि त्यात काचेसारखी आरपार दिसणारी खिडकी.

मुगा आणि टसर वेगळे कशावरून तर नुसत्या रंगावरून नाही. टसरमध्ये गुणसूत्रांच्या ३१ जोड्या असतात आणि मुग्यात १५. पण म्हणून गुणसूत्रं मोजली की जात ठरली असंही नाही हां, कारण चीनच्या ओक टसरमध्ये (ओकच्या झाडावरचा, टसरचा भाऊबंद) ४९ जोड्या आणि आपल्या हिमालयातल्या रॉयली या दुसऱ्या जातीमध्ये ३०, तरी या दोघांचा संकर आपल्याच शास्त्रज्ञांनी केला आणि त्याची पुढची पिढीपण होते, मणिपूरकडे तोच संकर प्रॉयली या नावानं ओकच्या झाडांवर पाळतात. मला हे वाचून खूप नवल वाटलं होतं.

टसर तसा किती लांबवर पसरलाय बघा. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, बंगाल, बिहार, मध्य प्रदेश, तेलंगणा, आंध्र, आणि आपलं विदर्भ, रेशीम काढतात तो सगळा पट्टा हाच. पण पतंग तेवढ्यातच नाही, सह्याद्रीत पण आहे, अगदी मुंबईच्या नॅशनल पार्कात पण दिसतो आणि तिथं लोक त्याला दुर्मीळ फुलपाखरू समजून फोटो पाठवतात. श्रीलंकेतपण आहे. एवढ्या मोठ्या मुलखात राहून तो जागोजागी बदललाय. साधारण ४४ प्रकार सांगतात, त्यांना इकोरेस म्हणतात, जात एकच पण त्या त्या जंगलाशी जुळलेला वाण असं समजा. सिंहभूमचा डाबा, ओडिशाचा सुकिंदा, सिमलीपालचा मोडल, बस्तरचा रैली, लरिया, सरिहन, आंध्रा लोकल, आणि आमचा भंडारा. हो, आमच्या जिल्ह्याच्या नावाचा वाण आहे आणि इथल्या शाळेतल्या पोरांना ते माहीत नाही. कोणाला सालाचं झाड लागतं तर कोणाला ऐन आणि अर्जुन, कोणाच्या वर्षाला तीन पिढ्या होतात कोणाची एकच. रैली बस्तरच्या सालाच्या जंगलात मस्त वाढतो, कोश पण चांगला जाड करतो, पण तोच उचलून दुसरीकडे नेऊन पाळायला गेलं की जमत नाही, मोडल आणि लरियाचं पण तसंच.

आणि इथंच माझं खरं म्हणणं आहे. सगळे एकाच जातीचे म्हणजे सगळे सारखेच असा अर्थ काढून चालत नाही. आमच्या ओळखीच्या टसर पाळणाऱ्या एकाला काही वर्षांपूर्वी एका सरकारी ठिकाणाहून अंडीपुंज (पाळण्यासाठी टसरची अंडी) मिळाले, त्यानं विचारलं हे कुठल्या वाणाचे, तर उत्तर मिळालं की टसर ते टसर, तुला काय करायचंय. त्याचं पीक त्या वर्षी बुडालं. वाणामुळेच बुडालं असं मी म्हणणार नाही, पाऊसपण लांबला होता, पण विचारणाऱ्याला सांगायला तर पाहिजे ना. बाहेरचा वाण आणून सोडला आणि त्याचे नर जंगलातल्या आपल्या माद्यांकडे गेले, तर त्यांना अडवणार कोण? जात एकच असल्यामुळे पिल्लं होणार, आणि अशी मिसळ वर्षानुवर्षं होत राहिली तर येनावर वाढणारा, इथल्या उन्हाला टिकणारा भंडारा वाण हळूहळू कुठे गेला ते कळणारपण नाही. करवतकाठी साडीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्याचा अभिमान आहेच, पण ज्या किड्याच्या धाग्यावर ती साडी उभी राहिली त्याच्या वाणाची नोंदपण कोणीतरी तेवढ्याच काळजीनं ठेवायला पाहिजे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या पुरवणीत त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापा, चौकट लहान असली तरी चालेल. दुसरी जरा मोठी आहे. तुमचा पेपर गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत जातो, येत्या पावसाळ्यात वाचकांकडून टसर पतंगाच्या नोंदी मागवा. फोटो तर सगळेच पाठवतील पण नुसत्या फोटोचा उपयोग नाही, गाव कुठलं, तारीख काय, नर का मादी, अळी किंवा कोश सापडला असेल तर झाड कुठलं, ऐन, अर्जुन का बोर, आणि जवळपास कोणी अळ्या पाळतं का, हे लिहून मागा. शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण पाळलेल्यातला सुटलेला पतंग आणि जंगलात आपोआप वाढलेला पतंग यातला फरक नुसतं बघून कळत नाही. आणि कोशाला हात लावायचा नाही, फांदीवरून तोडायचा नाही, त्याचा देठ फांदीला घट्ट वळसा घालून असतो आणि आतला जीव पुढच्या पावसाची वाट बघत असतो.

ढिवर समाजातल्या जुन्या माणसांना आधी विचारा असं मात्र मला वाटतं. कुठल्या रानात कोणता कोश पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही हे त्यांना तोंडपाठ आहे आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमचा वार्ताहर यायला तयार असेल तर मी सोबत येतो, आमच्याकडून जंगल सायकलनं तासाभरावर आहे, जुलैमध्ये आलात तर पतंग बाहेर पडताना पण बघायला मिळेल.

आपला,
एक जुना वाचक
जि. भंडारा