साउंडवाले दादा, यंदा दशावतार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला!

सप्रेम नमस्कार.

जत्रेतला दशावतार, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, रात्रभर नीट ऐकू आला, एवढ्यासाठीच हे पत्र. बाहेरच्या माणसाला यात कौतुक कसलं, असं वाटेल. पण दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद मांडवातच सुचतात. एक सवाल हुकला की पुढचा जबाब वाया गेला. हसवणाऱ्या राक्षसाची, संकासुराची, मालवणी कोपरखळी तर पहिल्यांदा ऐकली तरच हसू येणार!

आधी येऊन गेलेल्या मंडळींना (नावं नकोत) लग्नाचा डीजे आणि दहीकाला (दशावताराचंच दुसरं नाव) यांतला फरकच ठाऊक नव्हता. इको वाढवलेला, स्पीकरचे बॉक्स माईकच्या मागे. त्यामुळे माईकची शिटी वाजली की सगळाच आवाज खाली आणि स्वारी गाडीत झोपायला. मग पहाटेपर्यंत मृदंग तेवढा ऐकायचा.

तुम्ही बॉक्स माईकच्या पुढे काढलेत, तोंडं प्रेक्षकांकडे केलीत, इको बंद. नट बसतात त्या बाकड्याच्या पुढ्यात आडव्या बांबूवरून दोन माईक सोडलेत, पायपेटीला (पायाने भाता मारायच्या पेटीला) एक वेगळा. मृदंगाला दिलाच नाहीत. त्याची थाप तशीही पोचते. मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, सुटते म्हणून माईकना फोमच्या टोप्या, दंवाने जोड भिजून खरखर लागू नये म्हणून त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या. हॅलोजनच्या वायरी साउंडच्या वायरींपासून लांब नेल्यात, त्यामुळे ती नेहमीची भुणभुणही नाही.

हे सगळं जाणकार करतातच म्हणा. पण ती सुतळी!

टांगलेला माईक खाली ठेवावा तर युद्धाच्या गिरक्यांत मुकुट त्यावर आदळतो. वर ठेवावा तर राणीचा विलाप वाऱ्यावर जातो. तुम्ही माईकच्या वायरीला सुतळी बांधून ती बांबूवरून थेट मिक्सरपर्यंत आणलीत. तलवारी निघाल्या की माईक हातभर वर, विलाप सुरू झाला की हळूच खाली. नटाने पेटीवाल्याकडे मान वळवली की पेटीचा आवाज चढवायचा, पद संपलं की उतरवायचा. त्यासाठी पहाटेपर्यंत डोळे नटावर लागतात. हे ना कुणी सांगितलं होतं, ना बिलात लावलंत.

राणी झालेल्या कलाकाराला त्या रात्री एकदाही ओरडावं लागलं नाही. जत्रांच्या दिवसांत पेटारा उचलून दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात उभं राहायचं असतं. त्याचा घसा तुम्ही राखलात. आपल्याकडे शाल-श्रीफळ पुढाऱ्यांना, मिक्सरवरच्या माणसाला फार तर चहा, तोही गार. तरी आपल्या कामाची चाड असलेली माणसं आहेत, म्हणून ह्या जत्रा चालल्यात.

पुढच्या जत्रेला बांबू आम्हीच उभे करून ठेवतो, तुम्ही फक्त उंची कळवा. आणि सुतळीऐवजी काथ्याची दोरी चालेल का? की ती ओढताना चरचरते आणि माईक तेही पकडतो?

आपले,
जत्रेतले प्रेक्षक